मशागतीच्या अवजारांचे संगणकीय अभिकल्पन

नांगर, वखर, मोगडा यांसारखे अवजार घडवण्यापूर्वी ते मातीत कसे चालेल याचे गणिती प्रतिमान संगणकावर तपासून पात्याचा आकार, कोन आणि खोली ठरवण्याची पद्धत. ओढ किती लागेल आणि माती कशी फुटेल, हे तिचे मुख्य प्रश्न होत.

आरंभ कोठे धरावा, हे ‘प्रतिमान’ या शब्दाच्या अर्थावर ठरते. टॉमस जेफर्सन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कमीत कमी रोधाची, माती पालटणारी नांगराची फळी भूमितीने आखली. परंतु तीत मातीच्या बलाचा हिशेब नव्हता. म्हणून माती कापण्यास लागणारे बल सांगणाऱ्या, संशोधक रीस यांच्या १९६५ च्या समीकरणापासून सुरुवात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मृदायांत्रिकीचे अभ्यासक टेरझागी यांच्या इमारतीच्या पायाविषयीच्या सिद्धांतावर बेतलेल्या या समीकरणात मातीचे वजन, तिची संसक्ती (कणांनी एकमेकांना धरून राहणे), धातूला चिकटण्याची वृत्ती आणि पृष्ठभागावरील भार अशी चार पदे येतात. वखराची पास, म्हणजे आडवे पाते, रुंद असून उथळ चालते, म्हणून तिला हा द्विमितीय, म्हणजे माती फक्त पुढे व वर फुटते असे धरणारा, हिशेब बराचसा लागू पडतो. मोगड्याच्या अरुंद दात्याला तो अपुरा पडतो, कारण तेथे माती बाजूंनाही फुटते. गॉडविन व स्पूर यांनी १९७७ मध्ये दाखवले, की अरुंद दाता एका क्रांतिक खोलीखाली गेला की माती वर उचलली न जाता बाजूला दाबली जाते. यापुढे खोली वाढवल्यास ओढ वाढते, मशागत मात्र सुधारत नाही.

त्याच सुमारास फायनाइट एलिमेंट पद्धत माती कापण्याच्या अभ्यासात आली. तीत हिशेबासाठी मातीचे लहान लहान भाग पाडतात, पण माती एकसंध, अखंड धरतात. ढेकूळ फुटणे व माती मिसळणे तीत नीट बसत नाही. त्यासाठी कंडॉल व स्ट्रॅक यांची १९७९ ची डिस्क्रीट एलिमेंट पद्धत उजवी ठरते. तीत प्रत्येक कणाची गती स्वतंत्र मोजतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिमी. पेक्षा लहान असतो. तेवढे कण मोजणे अशक्य असल्याने बहुधा काही मिलिमीटरचे गोळे घेतात. म्हणजे हे गोळे खरे कण नव्हेत. ढिगाचा उतारकोन व भेदन-चाचणी (मातीत टोकदार दांडा घुसवून तिचा रोध मोजणे) प्रत्यक्षाशी जुळेपर्यंत त्यांचे घर्षण व चिकटपणा बदलत राहावे लागते. पद्धतीचे खरे कसब येथेच आहे.

दख्खनच्या काळ्या मातीत ही जुळवणी विशेष कठीण. ती ओलीत फुगते, सुकल्यावर भेगाळते. वाफशावर बेतलेली मूल्ये कोरड्या रानाला लावता येत नाहीत. प्रत्येक ओलीसाठी चाचणी नव्याने घ्यावी लागते.