यूएसबी अनुकरणातील टायमरचा अतिरेक

गेस्टमध्ये (आभासी मशीनमध्ये) कोणी काही करत नसतानाही होस्टवरची (त्याला चालवणाऱ्या खऱ्या मशीनवरची) क्यूएमू या अनुकरण-प्रोग्रामची प्रक्रिया सीपीयू खात राहते, त्यामागच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक. नकली यूएसबी कंट्रोलरचा टायमर सेकंदाला 1000 वेळा वाजतो आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

याचे मूळ यूएचसीआय या जुन्या प्रकारच्या यूएसबी कंट्रोलरच्या रचनेत आहे. गेस्टच्या मेमरीत 1024 नोंदींची फ्रेम-यादी असते आणि कंट्रोलरने दर मिलिसेकंदाला पुढची नोंद वाचायची असते. खऱ्या मशीनमध्ये हे काम चिप करते. क्यूएमूत त्यासाठी मुख्य थ्रेडला (प्रक्रियेतल्या मुख्य कामाच्या धाग्याला) उठावे लागते, यादी वाचून टॅब्लेटला ‘काही आहे का?’ विचारावे लागते आणि ‘नाही’ ऐकून परत झोपावे लागते. टॅब्लेट म्हणजे व्हीएनसी कन्सोलमध्ये (गेस्टचा पडदा दुरून दाखवणाऱ्या खिडकीत) माउसचा बाण जागेवर राहावा म्हणून जोडलेले नकली उपकरण. एका गेस्टला हे खपून जाते. पण ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये एका होस्टवर असे 40 गेस्ट असतील तर सेकंदाला 40,000 वेळा झोपमोड होते. कोअरला खोल झोप मिळत नाही, वीज आणि कूलिंग दोन्ही वाया जातात.

निदानात आधी थ्रेड पाहावा. ‘टॉप’ या प्रक्रिया दाखवणाऱ्या आदेशात कॅपिटल एच दाबले की थ्रेड वेगळे दिसतात, ज्याचा क्रमांक प्रक्रियेच्या क्रमांकाइतकाच, तो मुख्य. भार त्याच्यावर असेल तर संशय यूएसबीवर. व्हीसीपीयूच्या (गेस्टच्या आभासी सीपीयूच्या) थ्रेडवर असेल तर आधी गेस्टचे स्वतःचे घड्याळ तपासावे. विंडोजमधला एखादा प्रोग्राम घड्याळाचा 15.6 मिलिसेकंदांचा ठोका 1 मिलिसेकंदावर आणून ठेवतो. इथेच गल्लत होते आणि लोक उगाच टॅब्लेट काढत बसतात. मुख्य थ्रेडवर 10 सेकंद ‘एसट्रेस’ (कर्नलला जाणारे कॉल नोंदवणारा आदेश) मोजणीच्या पर्यायासह चालवावा. पीपोलचे (घटनेची वाट पाहत झोपण्याचे) कॉल 10,000 च्या आसपास भरले तर एखादा यूएचसीआय सतत धावत असावा. एसट्रेसने गेस्ट मंदावतो, म्हणून तो जास्त वेळ चालू ठेवू नये. मग क्यूएमूच्या मॉनिटरवर (आदेश देण्याच्या कन्सोलवर) ‘इन्फो यूएसबी’ने जोडलेली उपकरणे आणि ‘इन्फो क्यूट्री’ने त्यांचे कंट्रोलर पाहावेत. टॅब्लेट काढून पुन्हा मोजले की खात्री होते: लिनक्स गेस्ट रिकामा यूएचसीआय स्वतःच थांबवतो आणि आकडा कोसळतो.

सर्वांत चांगला उपाय एक्सएचसीआय हा नव्या प्रकारचा यूएसबी कंट्रोलर. त्यात गेस्ट ‘डोअरबेल’ वाजवून काम सांगतो, टॅब्लेटकडे सांगण्यासारखे असेल तेव्हाच कंट्रोलर जागा होतो. दर मिलिसेकंदाची फेरी उरत नाही. विंडोज 8 पासून त्याचा ड्रायव्हर सोबतच येतो, विंडोज 7 मध्ये नाही. फक्त एसएसएचवर (दुरून मजकुरी आदेशांनी) चालणाऱ्या गेस्टचा टॅब्लेट सरळ काढावा. प्रॉक्समॉक्स या आभासी मशीन सांभाळणाऱ्या प्रणालीत त्यासाठी ‘टॅब्लेट’ पर्याय 0 करतात. ठाण्यातल्या सीए कार्यालयांत डिजिटल सहीचे टोकन गेस्टला जोडलेले असते, तिथे मात्र कंट्रोलर काढू नये. टोकन एक्सएचसीआयवर हलवावे.

बदलानंतर गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. आतून रीस्टार्ट दिल्यास जुनीच क्यूएमू प्रक्रिया जुन्या कंट्रोलरसह चालू राहते.