फुगडीत एक बाई कमी

गणपतीत गुहागरला शेजारच्या पडवीत बसलो होतो. काकींच्या मोठ्या दिरांच्या अंगावरून पन्नाशीच्या आतच दोनदा वारं गेलेलं. सासरेही तसेच गेले. "कौल लावला, घराण्याचा दोष निघाला. पण थोरल्यावर आलं, म्हणजे आमचे हे सुटले!"

कौलाने निदान होत नाही आणि मीही केलं नाही. पण ऐकताना आठवला तो कॅडासिल, मेंदूतल्या बारीक धमन्यांचा दुर्मीळ आनुवंशिक आजार. त्यात कुणी पाळी घेऊन सुटत नाही. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलामुलीला ५० टक्के शक्यता. दरवेळी नाणं नव्याने उडतं.

दोषी जनुक नॉच-३, गुणसूत्र १९ वरचं. ते १९९६ मध्ये सापडलं. त्याचं प्रथिन धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींवर बसतं. पेशीबाहेरच्या भागात एकसारख्या घडणीचे ३४ मणी, प्रत्येकात सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं. गौरीपुढे सहा जणी, तीन फुगड्या. प्रत्येकीची जोडीदारीण ठरलेली, म्हणूनच मण्याचा आकार टिकतो. जनुकात एक अक्षर चुकतं आणि एक सिस्टीन गळतं किंवा एक आगंतुक घुसतं. पाच झाल्या काय, सात झाल्या काय, एकीचा हात मोकळाच. तो शेजारच्या प्रथिनाला धरतो. त्यांचे गठ्ठे भिंतीत साचतात, स्नायुपेशी मरतात, धमनी जाड नि ताठ होते, मेंदूच्या पांढऱ्या भागाला रक्त कमी पडतं. पहिल्या सहा मण्यांत चूक असेल तर आजार सहसा लवकर गाठतो. एका हातापायी एवढं सगळं, मला याचं नवल संपत नाही.

अर्धांगाच्या कितीतरी आधी, विशी-तिशीत, एमआरआयवर पांढरे डाग दिसू लागतात. काहींना डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकून अर्धशिशी उठते. तपासणी आधी आजाऱ्याची करायची. त्याच्या जनुकातली चूक सापडली की नातेवाइकांच्या रक्तात नेमकी तेवढीच जागा बघायची. आजार उलटवणारं औषध नाही. रक्तदाब आवरणं आणि तंबाखू सोडणं मात्र आपल्या हातात.

"मग मुलांची करूया?" काकी म्हणाल्या. धाकटी बारावीत आहे. लक्षणं नसताना अठराच्या आत करत नाहीत. आणि दिरांच्यात सापडलेली चूक काकांच्यात नसेल, तर मुलांचा प्रश्नच मिटला. ती पिढी ओलांडून उडी मारत नाही.

काका तंबाखू मळत ऐकत होते. "आणि माका जाणूनच घ्यायचा नसला तर?"

तर नाही करायची.