टेन पाउंड पॉम : ऑस्ट्रेलियाच्या उपनगरांतले ब्रिटिश स्थलांतरित

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीच्या प्रवासयोजनेतून ऑस्ट्रेलियात कायमच्या वास्तव्यासाठी गेलेल्या ब्रिटिश लोकांना ‘टेन पाउंड पॉम’ म्हणतात; ‘पॉम’ हा ब्रिटिश माणसासाठीचा ऑस्ट्रेलियन बोलीतला शब्द. प्रौढ माणसाला भाड्यापोटी दहा पौंड भरावे लागत, मुलांना प्रवास मोफत असे आणि उरलेला खर्च दोन्ही देशांची सरकारे उचलत. १९४७ ते १९७२ या काळात दहा लाखांच्या आसपास ब्रिटिश माणसे अशी गेली. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश परत आली. राहावे की परतावे, हा प्रश्न यांतल्या बहुतेक घरांत वर्षानुवर्षे चर्चेत होता. त्याचे उत्तर मात्र राजकारणाने किंवा पगाराने ठरले त्याहून अधिक उपनगरातल्या रोजच्या जगण्याने ठरवले.

युद्धात जपानी सैन्य दाराशी येऊन ठेपल्याने ऑस्ट्रेलिया हादरला होता. एवढ्या मोठ्या खंडात जेमतेम ७५ लाख लोकवस्ती होती. ‘लोकसंख्या वाढवा, नाहीतर नष्ट व्हा’ ही त्या काळची घोषणा होती. १९४५ मध्ये पंतप्रधान बेन चिफली यांच्या सरकारने स्वतंत्र स्थलांतर खाते उघडले आणि आर्थर कॅलवेल हे त्याचे पहिले मंत्री झाले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक परक्यामागे दहा ब्रिटिश येतील, असे आश्वासन त्यांनी मतदारांना दिले होते. ते पुरे झाले नाही. लवकरच पोलंड, बाल्टिक देश, इटली, ग्रीस येथून लोक आणावे लागले. तरी पसंती कोणाला, हे त्या आश्वासनातून उघड दिसते. ब्रिटनमध्ये तेव्हा बाँबवर्षावाने घरे पडलेली, १९४६-४७ चा हिवाळा हाडे गोठवणारा आणि शिधावाटप १९५४ पर्यंत चालूच, अशी स्थिती होती. कित्येक नवी जोडपी आईवडिलांच्या घरातल्या एका खोलीत संसार करत होती. लंडनच्या ऑस्ट्रेलिया हाउसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीत, लावलेल्या भित्तिपत्रकांवरचे ऊन, समुद्रकिनारा आणि स्वतःचे घर त्यांना भुलवणार नाही तर काय? १९५७ मध्ये ‘ब्रिंग आउट अ ब्रिटन’ ही मोहीम निघाली. गावोगावच्या ऑस्ट्रेलियन मंडळींनी ब्रिटिश कुटुंबांना बोलावून त्यांच्या राहण्याची हमी घ्यावी, असा तिचा हेतू होता.

दहा पौंड म्हणजे कामगाराची एक-दोन आठवड्यांची मजुरी. अट एकच होती : दोन वर्षे राहायचे. त्याआधी परत जायचे असेल तर सरकारने भरलेले भाडे फेडावे लागे आणि परतीचे तिकीट पदरचे. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला हे झेपणे अशक्यच होते, म्हणून ही दोन वर्षे अनेकांना मुदतीच्या शिक्षेसारखी वाटली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ऑर्मोंड’ हे जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून पहिली मोठी तुकडी घेऊन निघाले. पुढे सुएझ, एडन, कोलंबो, फ्रीमँटल हा मार्ग रुळला. कित्येकांच्या आयुष्यातली ती पहिली खरी सुट्टी होती. जेवण तयार, कपड्यांना इस्त्री, संध्याकाळी नाच. या सुखानंतर ज्या वसतिगृहात त्यांना उतरवले जाई ते पाहून बायका रडल्या, असे त्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. लष्कराने सोडलेले अर्धगोल पत्र्याचे निसेन हट, मध्ये पातळ भिंती, सामायिक भोजनगृह, सामायिक संडास आणि ताटात सारखे मटण. पत्रा उन्हात तापे आणि रात्री गारठे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भाडेवाढीविरुद्ध वसतिगृहांतल्या ब्रिटिश कुटुंबांनी भाडे भरण्यास नकारही दिला होता. मुलांना मात्र तिथे जन्माचे मित्र मिळाले. सिडनीच्या व्हिलावूड वसतिगृहात भेटलेल्या ब्रिटिश आणि डच पोरांनी १९६४ मध्ये ‘इझीबीट्स’ हा वाद्यवृंद काढला. त्यातल्या ग्लासगोच्या जॉर्ज यंगचे धाकटे भाऊ माल्कम आणि अँगस यांनी पुढे ‘एसी-डीसी’ हा रॉक वाद्यवृंद उभा केला.

वसतिगृहातून सुटका म्हणजे उपनगरात घर. ऑस्ट्रेलियात तेव्हा घरमालकीचा वेग विलक्षण होता. १९४७ मध्ये निम्म्याहून थोडी अधिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. १९६६ पर्यंत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले. आदर्श होता पाव एकराचा, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटरचा भूखंड. त्यावर एकमजली बैठे घर, पुढे हिरवळ, मागे परसात लिंबाचे झाड. कपडे वाळत घालायचा फिरता ‘हिल्स हॉइस्ट’ ॲडलेडच्या लान्स हिल यांनी १९४५ मध्ये आणला. गवत कापायचे ‘व्हिक्टा’ यंत्र १९५२ मध्ये सिडनीत निघाले आणि शनिवार-रविवारचा तो आवाज उपनगराची ओळख बनला. मँचेस्टर किंवा ग्लासगोच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतून आलेल्या माणसाला स्वतःच्या मालकीची एवढी जमीन हे खरोखर अप्रूप होते. ते त्याने मनापासून जपले.

दुसरी बाजू जाहिरातीत नव्हती. भूखंड आधी विकले जात आणि सोयी मागून येत. रस्ते मातीचे, पदपथ नाहीत, आणि मोठ्या शहरांच्या बाहेरच्या पट्ट्यात मलनिस्सारणाच्या नळ्याही नाहीत. संडास परसाच्या टोकाला असे आणि त्यातली बादली उचलायला आठवड्याला माणूस येई. लंडनच्या चाळवजा इमारतीत राहिलेल्यांनाही हा धक्का होता. अनेक जोडप्यांनी जमीन घेऊन आधी गॅरेज बांधले, त्यातच बिऱ्हाड मांडले आणि सुट्टीच्या दिवशी एक-एक खोली वाढवली. भिंती बहुधा लाकडाच्या किंवा ‘फायब्रो’च्या, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याच्या. विटांच्या घराची सवय असलेल्यांना ती घरे तात्पुरती वाटत. त्या पत्र्याचा धोका किती मोठा आहे हे पुष्कळ नंतर कळले.

सर्वांत मोठा फरक अंतराचा होता. ब्रिटनमध्ये आईचे घर, दुकान, पब आणि शाळा चालण्याच्या टप्प्यात असत. इथे बस तासाने येई आणि गाडी नवरा कामावर घेऊन जाई. तान्हे मूल घेऊन घरात राहणाऱ्या बाईला दिवसभरात बोलायला कोणी नसे. तिचे माहेर बारा हजार मैलांवर, परदेशी फोन करायचा तर तो आधी नोंदवावा लागे आणि त्याचे दरही परवडण्याजोगे नव्हते. उरे ते निळे हवाई पत्र. बाळंतपणात आई जवळ नाही, मुलांना आजी नाही आणि घरून तार आली तरी अंत्यविधीला पोचणे शक्य नाही. आठवणी आणि मुलाखती वाचताना जाणवते की परतीचा हट्ट बहुतेक वेळा घरातल्या स्त्रीचा होता आणि तो लहरी नव्हता. नवऱ्याला कारखान्यात चार माणसे मिळत आणि पगारही बरा असे. एकटेपणाचा भार तिच्या वाट्याला आला. त्यात डॉक्टरची फी. ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार मोफत मिळत होते. ऑस्ट्रेलियात सर्वांसाठीचा सरकारी आरोग्यविमा १९७५ मध्ये ‘मेडिबँक’च्या रूपाने आला आणि १९८४ मध्ये ‘मेडिकेअर’ म्हणून स्थिरावला. तोपर्यंत आजारी मुलाला दाखवायला नेण्याआधी पाकीट तपासावे लागे.

सामाजिक वृत्तींबद्दल या लोकांनी जे लिहून आणि सांगून ठेवले आहे त्यात कौतुक आणि चीड शेजारी शेजारी आहेत. साहेबाला पहिल्या नावाने हाक मारता येते, टॅक्सीत एकटा प्रवासी चालकाच्या शेजारी बसतो, बोलण्याच्या ढंगावरून माणसाची पायरी ठरत नाही, याचा ब्रिटिश कामगारवर्गाला मनस्वी आनंद होता. ज्या समाजात तोंड उघडताच जात कळते असे म्हणावे, तिथून ते आले होते. पण हीच मोकळीक पुरुषांपुरती होती. पब संध्याकाळी सहाला बंद होत, त्यामुळे पाच ते सहा या तासात पुरुष उभ्याने बिअर रिचवत. हा नियम न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ ला, व्हिक्टोरियात १९६६ ला आणि साउथ ऑस्ट्रेलियात १९६७ ला सुटला. सार्वजनिक बारमध्ये बायकांना मज्जाव होता. १९६५ मध्ये ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात दोन स्त्रियांनी स्वतःला साखळीने बांधून घेऊन त्याचा निषेध केला. केंद्रीय सरकारी नोकरीत लग्न झालेल्या बाईला कायम जागा न देण्याचा नियम १९६६ पर्यंत होता. सहकुटुंब पबमध्ये बसण्याची सवय असलेल्या इंग्लिश बायकांना घरगुती पार्टीतही पुरुष एका टोकाला बिअरभोवती आणि बायका दुसऱ्या टोकाला, ही मांडणी खुपत राहिली.

‘कुरकुऱ्या पॉम’ हा शेरा प्रत्येकाने ऐकला. वसतिगृहाबद्दल, उन्हाबद्दल, माश्यांबद्दल तक्रार केली की उत्तर ठरलेले : परत जा. बाकी स्थलांतरितांना भाषा येत नाही म्हणून निदान अडचण मान्य तरी होई. ब्रिटिशाची भाषा तीच, राणी तीच, मग याला दुःख कसले? या समजुतीपायी त्यांची घरची ओढ कोणी मोजलीच नाही. तरी शेऱ्यामागे दुष्टावा क्वचितच असे. हॅरोल्ड लारवूडचे उदाहरण क्रिकेट जाणणाऱ्याला पुरेसे आहे. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेत इंग्लंडकडून खेळताना ज्याच्या फलंदाजांच्या अंगावर टाकलेल्या चेंडूंनी ऑस्ट्रेलियाचा संताप झाला, तोच गोलंदाज १९५० मध्ये बायको आणि पाच मुलींसह सिडनीला राहायला गेला. त्या मालिकेसाठी तो ज्या जहाजाने आला होता, तेच जहाज याही वेळी होते, ‘ऑरोंटीस’. त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला सांभाळून घेतले. १९९५ मध्ये सिडनीतच त्याचे निधन झाले.

उपनगर म्हणून ब्रिटिशांचीच वस्ती झालेले ठिकाण म्हणजे ॲडलेडच्या उत्तरेचे एलिझाबेथ. साउथ ऑस्ट्रेलियाच्या गृहनिर्माण ट्रस्टने ब्रिटनच्या युद्धोत्तर ‘नव्या नगरां’च्या धर्तीवर ते आखले आणि १६ नोव्हेंबर १९५५ रोजी वसवले. प्रत्येक मोहल्ल्याला आपली दुकाने आणि शाळा, माफक भाड्याची घरे आणि जवळच होल्डनचा मोटार कारखाना. इथे फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा नव्हे, पायानेच खेळायचा आणि बोलीही आपलीच. त्यामुळे एकटेपणा कमी झाला. मात्र गावाची सगळी भिस्त एका कारखान्यावर राहिली. पुढे बेकारी वाढली आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजी होल्डनने तिथले उत्पादन थांबवले. ही जमीन मूळची कौर्ना या आदिवासी लोकांची. नव्या रहिवाशांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होते, कारण ते सांगणारे कोणी नव्हते.

या स्थलांतराचा विचार श्वेत ऑस्ट्रेलिया धोरणाशिवाय करता येत नाही. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद होते. ब्रिटिश माणसाला सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर मतदानाचा हक्क मिळे, नागरिकत्व घेण्याचीही गरज नसे. दुसरीकडे ऑगस्ट १९४७ मध्ये ‘मनूरा’ हे जहाज मुंबईहून काही शे अँग्लो-इंडियनांना घेऊन फ्रीमँटलला लागले, तेव्हा प्रवाशांच्या वर्णावरून अधिकारी अस्वस्थ झाले आणि अँग्लो-इंडियनांच्या प्रवेशाचे निकष कडक झाले. नागरिकत्व ब्रिटिश असूनही रंग आड आला. धोरण १९६६ मध्ये सैल झाले आणि १९७३ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने ते संपवले. आज सिडनी-मेलबर्नच्या उपनगरांत मराठी कुटुंबे तशाच परसांत तुळस लावतात, पण दहा पौंडांच्या काळात त्यांना ती वाट मोकळी नव्हती.

परतलेल्यांची कहाणी तिथेच संपत नाही. मँचेस्टरच्या पावसात उभे राहिल्यावर अनेकांना परस आणि ऊन आठवले आणि ते पुन्हा निघाले, या वेळी पूर्ण भाडे भरून. त्यांना ‘बूमरँग पॉम’ म्हणत. मला यात धरसोड दिसत नाही. दोन्ही देश जगून पाहिल्याखेरीज निवड करता येत नाही आणि ती किंमत या लोकांनी मोजली. मुलांच्या बाबतीत निवड आपोआप झाली. २०१० ते २०१३ या काळात पंतप्रधान म्हणून ज्युलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते म्हणून टोनी ॲबट संसदेत समोरासमोर होते. एकीचा जन्म वेल्समधल्या बॅरीचा, दुसऱ्याचा लंडनचा, आणि दोघांचीही कुटुंबे याच योजनेतून आलेली.

योजना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळली गेली, ओघ मात्र थांबला नाही. २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडचा क्रमांक पहिला आणि भारताचा दुसरा होता. १ जुलै २०२३ पासून ब्रिटिश तरुणांना काम-सुट्टी व्हिसा ३५ व्या वर्षापर्यंत मिळू लागला. आताचा ब्रिटिश स्थलांतरित जुनीच तुलना करतो, मापे बदलली आहेत. पर्थच्या उत्तरेकडच्या किनारी उपनगरांत इंग्लिश माणसांची दाट वस्ती आहे. समुद्र जवळ आहे, पण गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही. सिडनीत पाव एकर आता स्वप्नातच. ज्येष्ठांना आणखी एक गोष्ट जाचते : ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांचे ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन पहिल्या दिवसाच्या रकमेवर गोठते आणि महागाईप्रमाणे वाढत नाही. कॅनडात गेलेल्यांचेही तसेच होते, अमेरिकेत गेलेल्यांचे मात्र वाढते. आयुष्यभर दोन्ही देशांत कर भरलेल्या माणसावर हा सरळ अन्याय आहे आणि त्याविरुद्धची लढाई अजून चालू आहे.