जीव लावणे, जीव देणे आणि चॅटबॉट

निपाणीतली विडी वळणारी एखादी बाई रात्री मोबाइलला सांगते, ‘जीव लई घाबरायलाय बघा, कशातच मन लागंना झालंय.’ इंग्रजीवर आणि थोड्याफार पुस्तकी मराठीवर पोसलेल्या चॅटबॉटला यातून भीती तेवढी कळेल. तिला मात्र छातीतली धडधड सांगायची असेल, किंवा कर्जाची धास्तीही. आमच्याकडे मनाचं दुखणं आधी जिवाच्या नावानंच बाहेर पडतं.

हा ‘जीव’ शब्दच मोठा बेरकी. नातवावर जीव टाकणारी आजी सुखात असते, पोरगं जीव खातं तेव्हा आई वैतागलेली असते, आणि कुणी ‘जीव देते’ म्हणालं की हातातलं काम टाकून धावायचं. धोक्याच्या शब्दांची नुसती यादी करून गाळणी लावली, तर ‘मेलं दूध उतू गेलं’ म्हणणारी काकू तीत अडकेल, आणि ‘आता बास झालं सगळं’ एवढंच लिहून गप्प होणारा पोरगा निसटेल. चॅटबॉटमागची नवी भाषा-मॉडेलं सुटा शब्द न धरता मागचंपुढचं बोलणं बघून अर्थ लावतात, हे खरं. पण खानापूर-चिकोडीकडचं कन्नडमिश्रित बोलणं त्यांच्या कानावरून गेलेलं तर हवं!

सहानुभूतीचा भास मात्र स्वस्तात होतो. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली मांडलेला एलायझा हा प्रोग्राम समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. समजत काही नव्हतं; तरी वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आजच्या मॉडेलांचं दुखणं वेगळं. माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून ती घडतात, म्हणून होयबा होतात. ‘घरात कुणालाच माझी किंमत नाही’ यावर ‘अगदी खरं’ म्हणणं ही माया नव्हे. ‘आज असं काय झालं?’ हा प्रश्न बरा.

‘जीव नकोसा झालाय’ असं आलं, की तेही पुरत नाही. ‘जीव संपवायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारायचं; विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. ‘होय’ आलं की बॉटनं गप्पा आवरून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पुढं करायचा. ही सेवा २०२२ पासून फुकट आणि चोवीस तास चालते. तिची धुरा बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे आहे. सोबत आणखी एक प्रश्न हवा, ‘आत्ता जवळ कोण आहे?’ भिंतीपलीकडे बहुधा ती दूधवाली काकू जागीच असते.