दुतोंड्या मारुती आणि फोनच्या दांड्या

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाही. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कमरेला लागलं की छातीला, एवढंच विचारतो. त्यातून पाण्याची उंची कळते. पण गंगापूर धरणातलं किती, शहरातल्या नाल्यांचं किती आणि कुठलं आधी पोचलं, हे मारुती सांगत नाही. फोनवरच्या रेंजच्या दांड्यांचंही तसंच.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात चौकात चार दांड्या, माजघरात एक. ‘भिंती जाड आहेत’ म्हणून घरातले मोकळे होतात. हे अर्धंच खरं आहे.

टॉवर एकदाच बोलतो, फोनला ते अनेकदा ऐकू येतं. एक लहर सरळ भिंतीतून, एक समोरच्या इमारतीवर आपटून, एक कौलांच्या कडेवरून वाकून चौकात उतरलेली. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जाते. म्हणजे 90 मीटरचा वळसा घेऊन आलेली प्रत 300 नॅनोसेकंद उशिरा पोचते.

या प्रती सुट्या मोजायच्या तर सिग्नल रुंद पट्ट्याचा, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच फ्रिक्वेन्सी व्यापणारा, लागतो. पट्टा जितका रुंद, तितका कान तिखट. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 15 मीटरच्या आतले फरक एकमेकांत मिसळून जातात; 500 मेगाहर्ट्झ वापरले तर 60 सेंटिमीटरचा फरकही दिसतो.

खरं तर लेण्यात टाळी वाजवून प्रतिध्वनी मोजावेत, इतकं हे सोपं आहे. अडचण अशी, की पुरेशी छोटी आणि पुरेशी जोरदार ‘रेडिओटाळी’ वाजवणं अवघड. म्हणून शून्य-एकची एक लांब, ठरलेली माळ पुन्हा पुन्हा पाठवतात. ग्राहकयंत्राकडे तीच माळ असते. आलेल्या गोंगाटावरून ती सरकवत न्यायची. जिथे तंतोतंत जुळते तिथे आलेखात सुळका उठतो. एक सुळका म्हणजे लहरीची एक वाट. इथे घड्याळ नॅनोसेकंदाने चुकलं तरी वाट फूटभर चुकते, म्हणून दोन्ही टोकांना रुबिडियमची अणुघड्याळं ठेवतात. अभियंते डोनाल्ड कॉक्स यांनी 1972मध्ये 910 मेगाहर्ट्झवर अमेरिकेतल्या उपनगरी रस्त्यांवरच्या अशा मोजण्या प्रसिद्ध केल्या.

ग्राहकयंत्र रस्त्यावरून घरात नेलं की गंमत सुरू होते. पहिला सुळका खुजा आणि मागून आलेला उंच दिसला, तर सरळ वाट भिंतीने अडवली आणि खिडकीने किंवा चौकाने घर सांभाळलं, असा अर्थ. दांड्यांतून हे कधीच कळलं नसतं.

भिंतीचा दोष मात्र अगदीच खोटा नाही. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्राने 3.5 गिगाहर्ट्झला काँक्रीट 19 डेसिबल खातं, म्हणजे सुमारे ऐंशीतला एक भाग आत येतो. साधी काच जेमतेम 3 डेसिबल, म्हणजे जवळपास निम्मं. उष्णता परतवणारी धातूचा थर दिलेली काच मात्र 24! गंगापूर रोडवरच्या चकचकीत काचेच्या ऑफिसात फोन रुसला तर नवल नाही. 26 गिगाहर्ट्झला काँक्रीट 100 डेसिबलच्या वर जातं. तिथे दार बंदच समजा.

हे आकडे हाती असले की यंत्रणा आखता येते. 4जीमध्ये सिग्नलच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी साधारण 4.7 मायक्रोसेकंदांची उसंत सोडलेली असते. तेवढ्यात 1.4 किलोमीटरचा वळसा पचतो. चामरलेण्याच्या डोंगरावरून परतलेली प्रत पंचवटीत त्याहून बरीच उशिरा येऊन पुढच्या तुकड्यात घुसेल. पण तोवर तिच्यात फारसा जीव उरलेला नसतो.