जपानमध्ये स्कूटरचा परवाना: जपानी शिकता शिकता ‘गेन्त्सुकी’ची परीक्षा

जपानमध्ये पन्नास सीसीच्या स्कूटरला ‘गेन्त्सुकी’ म्हणतात. पूर्ण नाव ‘गेन्दोकी-त्सुकी जितेन्शा’, शब्दशः इंजिन जोडलेली सायकल. स्टेशनपासून लांब खोली घेतलेला विद्यार्थी असो, पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार असो, की तासाला एक बस असलेल्या गावात राहणारं कुटुंब असो, या गाडीने दिवस सोपा होतो. परवान्यासाठी गाडी चालवून दाखवायची परीक्षा नसते. डोळ्यांची तपासणी, लेखी परीक्षा आणि तीन तासांचं प्रशिक्षण, एवढंच. अवघड आहे ती लेखी परीक्षेतली भाषा. माझं जपानी एन ४ च्या (जपानी भाषा परीक्षेतली खालून दुसरी पातळी) आसपास होतं तेव्हा मी ही परीक्षा जपानीतूनच दिली, म्हणून खाली भाषेबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

भारताचा परवाना असेल तर आधी हे बघा. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, कारण १९४९ च्या जिनिव्हा करारात दोन्ही देश आहेत. तो जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि त्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का हवाच, फक्त कारचा असून भागत नाही. इथे राहणाऱ्याने मध्ये तीन महिन्यांच्या आत भारतात फेरी मारून नवा काढून आणला, तरी वर्ष नव्याने मोजत नाहीत. कारही चालवायची असेल तर भारतीय परवाना जपानी परवान्यात बदलून घेण्याचा, म्हणजे ‘गाइमेन किरिकाए’चा मार्ग आहे. जपानी कारच्या परवान्यावर गेन्त्सुकी चालवता येते. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथली प्रश्नावली १० वरून ५० प्रश्नांची झाली आहे. फक्त स्कूटर हवी असेल तर सरळ गेन्त्सुकीची परीक्षा द्यावी, असं माझं मत.

पात्रता आणि कागदपत्रं

वय १६ पूर्ण हवं. दोन्ही डोळ्यांनी मिळून ०.५ दृष्टी लागते, चष्मा चालतो. लाल, निळा, पिवळा हे रंग ओळखता यायला हवेत. कागदांत सगळ्यात महत्त्वाचा ‘जुमिनह्यो’, म्हणजे रहिवासाचा दाखला. तो वॉर्ड किंवा शहर कार्यालयातून मिळतो. काढताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: राष्ट्रीयत्व छापलेलं हवं आणि माय नंबर (सरकारने दिलेला वैयक्तिक ओळख क्रमांक) छापलेला नको. बऱ्याच जणांचा पहिला हेलपाटा इथेच होतो. सोबत झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र), पासपोर्ट आणि सहा महिन्यांच्या आत काढलेला ३ सेंमी × २.४ सेंमीचा फोटो न्या. अर्ज आणि प्रकृतीबद्दलची प्रश्नावली परीक्षा केंद्रावर मिळते. अर्ज, प्रशिक्षण आणि परवाना मिळून खर्च साधारण आठ हजार येनच्या घरात जातो. प्रशिक्षण काही प्रांतांत परीक्षेनंतर त्याच दिवशी असतं, काही ठिकाणी आधी करून दाखला आणावा लागतो, म्हणून आपल्या प्रांताच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर वेळा बघूनच निघा.

परीक्षा कशी असते

३० मिनिटांत ४८ प्रश्न. त्यातले ४६ चूक की बरोबर अशा धर्तीचे, प्रत्येकी १ गुण. उरलेले दोन चित्रावरचे, प्रत्येकी २ गुण. त्यात प्रत्येकी तीन उपप्रश्न असतात आणि तिन्ही बरोबर आले तरच गुण मिळतात. एकूण ५० पैकी ४५ मिळाले की पास. परीक्षा कोणत्या परकीय भाषांत देता येते, ते प्रांतागणिक बदलतं. जपानी प्रश्नपत्रिकाच घ्यायची असेल तर कांजीवर (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं, छापलेली प्रत मिळते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळते.

पण फुरिगानाने उच्चार कळतो, अर्थ नाही. आणि रोजच्या बोलण्यातली जपानी इथे फारशी उपयोगी पडत नाही.

पहिली गोष्ट, वाक्याचा शेवट. ‘शिनाकेरेबा नारानाई’ म्हणजे केलंच पाहिजे. ‘शिते वा नारानाई’ म्हणजे करता कामा नये. दोन्हींच्या शेवटी ‘नारानाई’, आणि अर्थ अगदी उलट. घाईत शेवटची चार अक्षरं वाचून खूण केली की गुण गेला. मराठीतही क्रियापद आणि नकार शेवटीच येतात, त्यामुळे वाक्य पूर्ण वाचून मगच ठरवायची सवय आपल्याला मुळातच आहे. ती इथे वापरा.

दुसरी, जोडशब्द. ‘तेइशा’ म्हणजे थोडं थांबणं, ‘च्यूशा’ म्हणजे गाडी उभी करून ठेवणं. माल चढवण्या-उतरवण्यासाठी पाच मिनिटांपर्यंत थांबलात तर ते तेइशा, त्याहून जास्त झालं की च्यूशा. एकाला मनाई असलेल्या जागी दुसरं चालू शकतं. तसंच ‘ओइकोशी’ म्हणजे लेन बदलून पुढच्याला मागे टाकणं, आणि ‘ओइनुकी’ म्हणजे लेन न बदलता पुढे जाणं. आकड्यांसोबत येणाऱ्या ‘इजो’ (तेवढं किंवा जास्त) आणि ‘इका’मध्ये (तेवढं किंवा कमी) तो आकडा धरलेला असतो, ‘मिमान’मध्ये (त्याहून कमी) नसतो.

तिसरी, हिरवा दिवा. जपानी लोक त्याला ‘आओ’, म्हणजे निळा म्हणतात. प्रश्न येतो: आओ दिव्याला पुढे गेलंच पाहिजे का? उत्तर चूक. नियम म्हणतो, पुढे जाता येतं. समोरचा चौक तुंबला असेल तर हिरव्यालाही थांबायचं. ‘कानाराझु’ (न चुकता) किंवा ‘इकानारु बाआई देमो’ (कोणत्याही परिस्थितीत) असे शब्द दिसले की क्षणभर थांबून अपवाद आठवा. असली विधानं बऱ्याचदा चूक असतात, पण सगळीच नाहीत, म्हणून डोळे झाकून काट मारू नका.

नियमांत सर्वांत जास्त वेळ ‘निदानकाई उसेत्सु’ला, म्हणजे दोन टप्प्यांत उजवीकडे वळण्याला द्या. सिग्नल असलेल्या आणि आपल्या बाजूला तीन किंवा अधिक लेन असलेल्या चौकात गेन्त्सुकीने थेट उजवीकडे वळायचं नसतं. ३० मीटर आधी उजवा इंडिकेटर लावायचा, पण डावीकडच्या कडेने सरळ चौक ओलांडायचा. पलीकडे पोचल्यावर थांबून गाडी उजवीकडे वळवायची, इंडिकेटर बंद करायचा आणि समोरच्या दिव्याची वाट बघायची. मी रिकाम्या वहीवर चौक काढून खोडरबर फिरवत फिरवत हे शिकले, तेव्हा कुठे डोक्यात बसलं. बाकी ठळक नियम: कमाल वेग ताशी ३० किमी, मागे कुणाला बसवायचं नाही, सामान ३० किलोपर्यंत, हेल्मेट सक्तीचं.

प्रशिक्षणाच्या दिवशी लांब बाह्या, लांब पँट, हातमोजे आणि बंद बूट घाला. सँडल घालून गेलात तर गाडीवर बसू देत नाहीत.

गाडी निवडताना एक खबरदारी. १ एप्रिल २०२५ पासून १२५ सीसीपर्यंतच्या, पण ताकद ४ किलोवॅटपर्यंत मर्यादित केलेल्या स्कूटरही याच परवान्यावर चालतात. नेहमीची १२५, किंवा पुण्यात चालवत होतात तशी ॲक्टिव्हा मात्र चालत नाही. नंबर प्लेट शहर कार्यालयातच मिळते, पन्नास सीसीला वर्षाचा कर २,००० येन. ‘जिबाइसेकी’ हा सक्तीचा विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.