पहिलवान कोणाच्या जिवावर पोसला?

महाराष्ट्र केसरीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खांद्यावर चांदीची गदा घेतलेला फोटो येतो आणि बक्षिसात मिळालेल्या गाडीची बातमी येते. त्या मल्लाने आधीची आठ-दहा वर्षं काय खाल्लं आणि ते कोणी पुरवलं, हा हिशेब कुठे छापून येत नाही. आपल्याकडच्या कुस्तीचा, आणि एकूणच लढवय्या परंपरेचा, इतिहास समजून घ्यायचा तर माझ्या मते याच हिशेबापासून सुरुवात करावी. पराक्रमाच्या कथा पुष्कळ आहेत. पण दुधा-तुपाचा खर्च उचलणारा ज्या ज्या वेळी बदलला, त्या त्या वेळी तालमीचं रूपही पालटलं.

हा खर्च राजाने करायचा, हे लेखी सापडतं ते बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० च्या सुमाराचा. हे कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं सांगणाऱ्या या ग्रंथात मल्लांवर वेगळा मजकूर आहे. ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल अशी त्यांची प्रतवारी आहे. त्यांनी मेहनत कशी करायची ते आहे, आणि राजाने त्यांना डाळी, मांस, दूध, साखर, मिठाई पुरवावी असंही आहे. शिवाय अंतःपुरातल्या स्त्रियांपासून त्यांना लांब ठेवावं, अशी सूचनाही आहे! हा भाग सैन्याच्या वर्णनात येत नाही, तो येतो राजाच्या करमणुकीत. म्हणजे लढाईत मरणारा शिपाई वेगळा आणि दरबारात पोसलेला मल्ल वेगळा, ही विभागणी तेव्हाच झालेली होती.

सतराव्या शतकात हे चित्र बदलतं. मावळातला, वारणेच्या नि कृष्णेच्या खोऱ्यातला शिपाई बहुतेक करून शेतकरीच. पावसाळ्यात नांगर धरायचा, दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं. त्याचा खुराक घरच्या म्हशीचा आणि घरच्याच जोंधळ्याचा. समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत पसरले आहेत आणि पुढे पहिलवानांचा म्हणून गाजला तो मुलूखही हाच. मारुती बसवला म्हणून पहिलवान निघाले, इतकं सरळ नातं मी जोडणार नाही. ऊस यायच्या कितीतरी आधीपासून या नदीकाठांना जनावरं होती, दूधदुभतं होतं, हेही कारण धरलं पाहिजे. पण गावची तालीम आणि मारुतीची मूर्ती यांची जोडी जमली ती कायमची.

या काळातलं सगळ्यात बोलकं हत्यार म्हणजे दांडपट्टा. तो जवळून पाहिला की त्यामागची मेहनत कळते. कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी खोबणं, त्याच्या आत आडवी मूठ, आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. मूठ आत धरल्यावर मनगट जवळपास बांधलं जातं. तलवारीसारखा मनगटाचा झटका इथे चालत नाही. फिरवायचं ते खांद्यापासून, कमरेतून, आणि त्याला तोल द्यायचा पायांनी. म्हणून पट्ट्याच्या शिक्षणात वस्ताद हातापेक्षा पायांकडे जास्त बघतो. पवित्रा चुकला तर पातं फिरवणाऱ्याच्याच अंगावर येतं. मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकात जमिनीवर ठेवलेलं किंवा माणसाच्या तळहातावर धरलेलं लिंबू पट्ट्याने कापून दाखवतात. टाळ्या लिंबाला पडतात, पण खरं कसब पातं जिथल्या तिथे आवरण्यात असतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि शिपाईगिरीवर पोट असलेली हजारो माणसं रिकामी झाली. दुसरा बाजीराव वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर हे त्याच्याच पदरचे. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान कोणी घेईना, तेव्हा कोवळ्या बाळंभटाने ते घेतलं, वणीच्या सप्तशृंगीची आराधना केली आणि मारुतीने त्याला लाकडी खांबावरचा सराव शिकवला, अशी कथा मल्लखांबाच्या आखाड्यांत आजही सांगतात. कथा म्हणूनच ती ऐकावी. खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख मानसोल्लासातही आहे. बाळंभटांनी जुन्या विद्येला पुन्हा उभं केलं, असं म्हणणं जास्त रास्त.

कोल्हापूर संस्थान राहिलं, पण तिथल्याही लढवय्यांचा आधार गेला. १८४४ मध्ये सामानगडापासून गडकऱ्यांचं बंड पेटलं. पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखायच्या बदल्यात मिळालेल्या जमिनींवर गदा आली, हे त्याचं मूळ. इंग्रजांनी ते मोडलं, गडकऱ्यांच्या शिबंद्या बरखास्त केल्या आणि तटबंद्याही पाडल्या. १८५७ मध्ये कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. पुढे १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला. ज्या घरात तलवार टांगलेली असायची तिथे लाठी, फरीगदका (ढाल आणि काठी), बनेटी (गरागरा फिरवायची काठी) उरली. तीही मिरवणुकीपुरती. कुस्तीला मात्र हत्यार लागत नाही, परवाना लागत नाही. गावोगावची लढण्याची खुमखुमी हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, मातीत उतरली ती याच काळात, असं मला वाटतं.

त्या मातीला राजाश्रय पुन्हा मिळाला तो राजर्षी शाहू महाराजांमुळे. १८९४ ला गादीवर आलेले महाराज स्वतः कुस्ती खेळलेले, अंगापिंडाने धिप्पाड. त्यांनी नुसतं बक्षीस देऊन भागवलं नाही. उत्तरेतले नामांकित मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांच्या जोडीला इथली पोरं तयार केली, तालमींना जागा आणि खुराक दिला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले, तेव्हा रोममधलं जुनं क्रीडागार पाहून तसं मैदान कोल्हापुरात बांधायचं त्यांच्या मनात आलं. खासबाग मैदान १९१२ मध्ये खुलं झालं. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेल्या गोल पायऱ्या. वरच्या टोकाला बसलेल्या माणसालाही पट काढलेला (पाय धरून पाडण्याचा डाव) स्वच्छ दिसतो. हजारो लोक बसतात. कुठल्याही जातीच्या पोराने लंगोट लावून त्या हौद्यात उतरावं, ही त्यामागची दुसरी बाजू. ज्या महाराजांनी त्याच १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या, त्यांच्या डोक्यात मैदान आणि दरबार हे दोन वेगळे विषय नव्हते.

तालमीतला दिवस तेव्हा जसा होता तसाच पुढे कित्येक दशकं राहिला. पहाटे चारच्या सुमाराला उठायचं, हौदा खणायचा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला, म्हणून ती मऊ राहते आणि खरचटलेलं चिघळत नाही. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर लढत. लढतीनंतर बदामाची थंडाई. मोठ्याने धाकट्याला रगडायचं, धाकट्याने मोठ्याचं अंग चोळायचं. गावाकडून तुपाचा डबा एसटीने यायचा. भांडण झालं तर वस्ताद सांगेल ते शेवटचं.

संस्थान गेल्यावर काय झालं, ते खाशाबा जाधवांच्या दोन ऑलिंपिकवरून कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे ते सहावे आले. मॅटवर लढायची सवय नसलेल्या, मातीत वाढलेल्या पोराचं हे सहावं स्थान मी तरी फार मोठं मानतो. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे गोळा करायची वेळ आली तेव्हा महाराजांची जागा गावकऱ्यांच्या वर्गणीने घेतली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून प्राचार्यांचं घर सोडवलं. पुढे ते पोलिस खात्यात गेले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

राजाची जागा अखेर भरली ती संस्था, जत्रा आणि साखर यांनी. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६१ मध्ये दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही सुवर्ण आणलं. त्याच सुमाराला सहकारी कारखाने उभे राहत होते, आणि त्यांनी मल्लांना मानधन द्यायला सुरुवात केली. वारणेला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ भरणारं मैदान आजही मोठं मानलं जातं. कारखान्याचा अध्यक्ष फेटा बांधून हौद्याच्या कडेला बसतो, हलगी वाजते, निवेदक दोन्ही मल्लांच्या घराण्यांचा इतिहास सांगत राहतो. यात राजकारण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही, कारण त्या मानधनावर कित्येक पोरांची वर्षं निघाली. कोल्हापुरात तर तालमींनी कुस्तीबाहेरही हातपाय पसरले. तिथल्या फुटबॉल संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम.

मातीच्या कुस्तीत गुण नसतात. पाठ टेकली की संपलं, नाहीतर चालू द्या, तासभर लागला तरी. मॅटवर मिनिटं आणि गुण मोजले जातात, वजनगट पडतात, आणि ताकदीइतकीच चपळाई लागते. महाराष्ट्र केसरीने यावर तोड काढली: माती विभागाचा विजेता आणि गादी (म्हणजे मॅट) विभागाचा विजेता यांची किताबासाठी गाठ. जुन्या वस्तादांना ही तडजोड रुचत नाही. मला ती शहाणपणाची वाटते. नोकरी मॅटवरच्या पदकाला मिळते, माणसं मात्र मातीलाच जमतात.

आज खुराकाचा भार पुन्हा घरावर आला आहे. किताब मिळाला तर सरकार दखल घेतं. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी पोलिस उपअधीक्षक झाले. पण किताब एकाला मिळतो आणि त्याच्या मागे तालमीत शेकडो असतात, ज्यांचे बाप दुधाच्या बिलातून बदाम घेतात. मुलींच्या बाबतीत तर तालमीत मुक्काम करायची जुनी सोयही नाही, कारण ती मुलांसाठीच घडलेली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. पुरुषांच्या किताबानंतर ६२ वर्षांनी.